कौटुंबिक श्रुतिकामालिकेतील पात्रांच्या भूमिका कशा ठरवाव्यात

वर्षानुवर्षे चालणारी कौटुंबिक श्रुतिकामालिका, म्हणजे रेडिओवरची नाट्यमालिका, लिहायला घेताना पात्रांची नावे, वये आणि स्वभाव आधी मांडण्याचा मोह होतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा: हे पात्र घरातून उठून गेले, तर कोणते काम अडेल? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते पात्र लिहू नये. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी एवढ्या तिघांवर संसार उभा राहत असे. घरात तिसरा माणूस आला की नवराबायकोच्या वादाला ऐकणारा मिळतो, आणि ऐकणारा मिळाला की वाद रंगतो.

म्हणून सुरुवात चार-पाच पात्रांनीच करावी. सोलापूरच्या पूर्व भागातले, चादरीचे माग चालवणारे एक तेलुगू भाषक घर घेऊ. आजीने उमेदीच्या काळात विड्या वळल्या. मुलगा यंत्रमाग सांभाळतो, त्यामुळे पैशाचा विषय त्याच्याबरोबर घरात येतो. सून अक्कलकोटकडची, कन्नड बोलणाऱ्या घरातली. निर्णय तिचा असतो, पण तो नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडतो. नात बाहेरचे जग आत आणते. आजीचे काम वरवर किरकोळ आहे: नळाला पाणी काही दिवसांआड आणि अवेळी येते, तेव्हा सगळ्यांना तीच उठवते.

यानंतर आवाजांकडे वळावे. श्रुतिकेत खरी कसोटी इथेच लागते. संहितेतील पात्रांची नावे झाकून एखाद्याला संवाद वाचायला द्यावेत आणि कोण बोलते आहे ते ओळखायला सांगावे. जिथे तो अडखळतो, तिथे दोन पात्रे एकमेकांत मिसळलेली आहेत असे समजावे. दिवसभर मागाच्या खडखडाटात राहिलेला माणूस घरीही मोठ्यानेच बोलतो, हा फरक विशेषणांशिवाय ऐकू येतो. संबोधनांचा उपयोग तर फार मोठा आहे, कारण कोण कोणाशी बोलते आहे हे श्रोत्याला तेवढ्यावरूनच कळते. मात्र इथे सोलापुरात एक गंमत होते. तेलुगू घरात ‘अव्वा’ म्हणजे आजी, तर उत्तर कर्नाटकाकडच्या कन्नडमध्ये ‘अव्वा’ म्हणजे आई. नातीने आजीला आणि सुनेने फोनवर आपल्या आईला हाक मारली, तर श्रोता गोंधळेल. हा गोंधळ एखाद्या भागाचा विषय म्हणून जरूर वापरावा, पण रोजच्या संवादात दोन वेगळी संबोधने ठेवावीत. तेलुगू वा कन्नड वळणाची नक्कल करून हशा मिळवण्याच्या फंदात पडू नये. या शहराचे कान अशा बाबतीत फार तिखट आहेत.

प्रसंगात असूनही न बोलणारे पात्र श्रोत्याच्या लेखी तिथे नसतेच. त्याला एखादा आवाज द्यावा. आजीला अडकित्ता पुरे.

प्रत्येक पात्राची एक वही ठेवावी आणि तीत जन्मसाल, आजारपणे, उसनवारी, तसेच कोणते गुपित कोणत्या भागात कळले, एवढे नोंदवावे. ब्रिटनमधील ‘द आर्चर्स’ ही श्रुतिकामालिका 1 जानेवारी 1951 पासून देशभर ऐकवली जाते, आणि नॉर्मन पेंटिंग यांनी त्यातील फिल आर्चर ही भूमिका 1950 मधील प्रायोगिक भागांपासून 2009 मध्ये निधन होईपर्यंत केली. इतक्या काळात मुलाचा आजोबा होतो, म्हणजेच भूमिकाही बदलते. हा बदल दरवर्षी येणाऱ्या सणांवर टांगावा. मागच्या वर्षी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला वडिलांचा हात धरून गेलेली नात यंदा मैत्रिणींबरोबर जाते, आणि वडील उगाचच दुकानांत रेंगाळतात.

कलाकार सोडून गेला, तर लगेच दुसरा आवाज बसवू नये. पात्राला काही काळ पुण्याला नोकरीस पाठवून घरच्यांनी त्याच्याविषयी बोलत राहावे. श्रोते नवा आवाज मग सोसतात. पात्राचा मृत्यू लिहायचाच असेल, तर त्याचे काम लगेच दुसऱ्याकडे देऊ नये. आजी गेल्यानंतरच्या एखाद्या भागात पहाटे नळाला पाणी यावे, वाहत राहावे, आणि घरात कोणीच उठू नये.