वाढवलेल्या वेगावर रॅम चुका करू लागली तर

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्याचा संगणक माझ्याकडे आला. सकाळी तो बिनतक्रार चालत असे, पण दुपारी पत्र्याचे छप्पर तापले की निळा पडदा येई आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ ही अक्षरे दिसत. रॅम बिघडली असे समजून मालकांनी नव्या रॅमचे दरही काढून ठेवले होते. रॅमच्या दोन्ही स्टिक मात्र शाबूत होत्या. बिघडलेली रॅम आणि ठरावीक वेगावर न टिकणारी रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी आपली अडचण यांपैकी कोणती आहे हे ठरवणे आवश्यक असते.

सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, कारण चुका करणारी रॅम फाइल जतन होतानाच तिच्यात चुकीची माहिती घालू शकते. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमला वाढीव वेग देणारी प्रोफाइल बंद करावी. डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या पाकिटावर ३६०० (मेगाट्रान्स्फर प्रति सेकंद) लिहिलेले असले, तरी तो वेग १.३५ व्होल्टवर मिळणारा वाढीव वेग असतो. प्रमाणित व्होल्टेज १.२ इतकेच असून, प्रोफाइल बंद केल्यावर अशी रॅम बहुधा २१३३ ते २६६६ यांपैकी एखाद्या वेगावर उतरते. याच स्थितीत मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. मूळ वेगावरही चूक आली, तर एकेक स्टिक स्वतंत्रपणे तपासावी, आणि तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही चुकत असेल, तर ती वॉरंटीत द्यावी. जोडी एकत्र विकत घेतलेली असल्यास दोन्ही स्टिक द्याव्यात. मूळ वेगावर एकही चूक न येता वाढीव वेगावरच चुका येत असतील, तर पुढचे वाचावे.

दोनच स्टिक असतील, तर बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात; तरीही मॅन्युअल पाहावे. वीज बंद करून स्टिक काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवावा आणि ती पूर्ण कोरडी झाल्यावर ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत सरळ दाबून बसवावी. आपल्याकडे खोडरबराने पट्ट्या घासण्याची पद्धत रूढ आहे. तिने मुलामा झिजतो, म्हणून मी ती टाळतो.

चार स्टिक भरलेल्या असतील, तर अपेक्षा कमी करावी, कारण तिथे ताण प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागावर, येतो. एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेसाठी अधिकृत वेग डीडीआर५ या पुढच्या पिढीच्या दोन स्टिकना ५२०० आहे, चार स्टिकना मात्र फक्त ३६००. म्हणूनच वेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या एकत्र करणे मला पटत नाही. एकाच पाकिटातील मोठ्या क्षमतेच्या दोन स्टिक केव्हाही बऱ्या.

यानंतर बायोस अद्ययावत करावे. बायोस बदलल्यानंतर डीडीआर५ चा संगणक पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. संगणक बंद पडला असे समजून वीज तोडू नये. तरीही चुका राहिल्या, तर वेग एक पायरी खाली आणावा, म्हणजे ३६०० ऐवजी ३४००, आणि कमांड रेट (रॅमला आज्ञा देण्यासाठी लागणारे घड्याळाचे ठोके) १टी असेल तर २टी करावा. एका वेळी एकच बदल करून तो वहीत लिहावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. व्होल्टेज वाढवणे हा उपाय सर्वांत शेवटी ठेवावा, कारण त्यासोबत उष्णता वाढते. रायझन ७००० वर एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे व्होल्टेज, १.३० च्या पुढे कधीही नेऊ नये.

अंबडच्या त्या संगणकाचे दुखणे उष्णतेचेच होते. मूळ वेगावर तो दुपारीही शुद्ध चालला, तर ३६०० वर दोन वाजता चुका येऊ लागल्या. बाजूचे झाकण काढून टेबलफॅनचा वारा थेट रॅमवर सोडला आणि तीच चाचणी पुन्हा लावली, तेव्हा एकही चूक आली नाही. मग भिंतीला चिकटवलेली कॅबिनेट वीतभर पुढे ओढली, धुळीने बुजलेली समोरची जाळी साफ केली आणि तिथे एक पंखा बसवला. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे डिसेंबरात घेतलेल्या चाचणीवर मे महिन्यात विसंबू नये.

चाचणीत फक्त शून्य चुका स्वीकाराव्यात. ‘एखादीच आली’ म्हणून ती सोडून देऊ नये. वेग स्थिर झाल्यावर विंडोजमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही आज्ञा चालवावी, म्हणजे आधीच्या चुकांमुळे बिघडलेल्या सिस्टिम फाइल्स दुरुस्त होतात.