इमर्जन्सीत योजनेचं हॉस्पिटल शोधताना या चुका टाळा

"कोल्हापुरात इमर्जन्सीला जीवनदायीचा चांगला डॉक्टर सांगा की," असा फोन येतो तेव्हा पेशंट बहुतेक वेळा गाडीत बसलेला असतो.

पहिली गफलत इथंच. जीवनदायी, म्हणजे आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना (सरकारच्या खर्चानं कॅशलेस उपचार), डॉक्टरला नाही, हॉस्पिटलला मिळते, आणि तीही आजारांच्या विभागवार. पन्हाळा रोडवर मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेल्या एका पोराला घरच्यांनी दारातला योजनेचा बोर्ड बघून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. बोर्ड खोटा नव्हता, पण मुतखडा आणि हाडांपुरता होता. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, टाके घातले, सीटी स्कॅनला बाहेर पाठवलं आणि मग न्यूरोसर्जन नाही म्हणून पुढं धाडलं. तिथं आधी डिपॉझिट भरलं. सकाळी चुलता रेशन कार्ड घेऊन धावत आला, तर ते हॉस्पिटल यादीतच नव्हतं. पोरगं वाचलं, उसाचं बिल मात्र तिथंच संपलं.

म्हणून गंभीर पेशंट असेल तर मी सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, सांगतो. लोक गर्दीला नाकं मुरडतात. मुरडू देत. खाजगीतच जायचं असेल तर निघतानाच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा किंवा हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथं बसणारा माणूस) गाठा आणि एवढंच विचारा: याच आजारासाठी योजना आहे का, डॉक्टर आत्ता आहेत का, बेड रिकामा आहे का. "योजना चालते का?" या प्रश्नाला सगळीकडे "हो" असंच उत्तर मिळतं.

दुसरी चूक कागदांची. डिस्चार्जच्या दिवशी खिशातून रेशन कार्ड काढणारे महाभाग दर महिन्याला भेटतात. ही योजना कॅशलेस आहे, भरलेले पैसे परत मिळवून देणारी नव्हे. ॲडमिट होतानाच सांगा. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी मिळते, कागद नंतर देता येतात. आमच्या घरी सगळ्यांच्या आधार-रेशनचे फोटो फॅमिली ग्रुपवर आहेत. नव्या सुनेचं नाव रेशन कार्डावर चढवणं वर्षभर लांबवू नका.

कॅज्युअल्टीत तपासून घरी सोडलं तर योजना लागू होत नाही, ॲडमिट व्हावं लागतं.

१०८ ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे. तरीही लोक वडाप (खाजगी प्रवासी जीप) ठरवतात, कशाला ते देव जाणे.

रस्ता अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राची वेगळी कॅशलेस योजना आहे: दीड लाखापर्यंत, सात दिवस. पोलिसांत नोंद करायला टाळाटाळ करू नका.

कार्ड नाही म्हणून प्रथमोपचारच नाकारले तर गप्प बसू नका. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य असल्याचं सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय.

"लगेच कार्ड काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

योजनेत ॲडमिट असताना बाहेरून औषध आणायला लावलं, तर बिल जपून ठेवा आणि आरोग्यमित्राला तिथंच, त्याच दिवशी जाब विचारा. घरी गेल्यावर कट्ट्यावर तक्रारी केलेल्या मला चालत नाहीत.