नासाच्या ‘पॉवर’ एपीआयमधून आपल्या गावाचं हवामान कसं मिळवायचं

नासाच्या लँग्ली संशोधन केंद्राचा ‘पॉवर’ हा प्रकल्प तापमान, पाऊस, वारा आणि सौरऊर्जेचे रोजचे आकडे मोफत देतो. हे आकडे एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागवायच्या सोयीतून मिळतात. नोंदणी लागत नाही, एपीआय की म्हणजे वापरासाठीचा सांकेतिक परवानासुद्धा लागत नाही. तापमान-पावसाची माहिती थेट १९८१ पासूनची आहे. शेतीचं अ‍ॅप किंवा सोलरचा कॅल्क्युलेटर करायला घेतलात, तर सुरुवात इथूनच करा.

मूळ पत्ता पॉवर डॉट लार्क डॉट नासा डॉट गव्ह. त्यापुढे तिरप्या रेघा देत एपीआय, टेम्पोरल, डेली, पॉइंट. प्रश्नचिन्हानंतर सात गोष्टी: पॅरामीटर्स (तापमान, पाऊस असे हवे ते घटक), कम्युनिटी (माहिती कोणत्या क्षेत्रासाठी हवी ते), लॉन्जिट्यूड, लॅटिट्यूड, स्टार्ट, एंड आणि फॉरमॅट. अर्थात हे सगळं इंग्रजी लिपीत आणि इंग्रजी अंकांत लिहायचं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकी, मध्ये रेघ नको. फॉरमॅट जेसन (प्रोग्रामला वाचायला सोपी रचना) किंवा सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारा तक्ता). घटकांची नावं पॉवरच्या पॅरामीटर यादीतूनच कॉपी करा, कारण स्पेलिंग चुकलं की ४२२ एरर, म्हणजे विनंती चुकीची असल्याचा संदेश येतो. एका विनंतीत २० घटकांपर्यंत मागता येतात. कोड लिहिण्याआधी तयार पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा. उत्तर समोरच दिसतं.

जेसनमध्ये आकडे ‘प्रॉपर्टीज’च्या आत ‘पॅरामीटर’, त्याच्या आत घटकाचं नाव आणि मग तारीख, अशा क्रमाने सापडतात. एककं शेवटाकडच्या ‘पॅरामीटर्स’ भागात असतात. ती दर वेळी वाचा, कारण कम्युनिटी बदलली की एकक बदलू शकतं. जमिनीवर पोचणारी सौरऊर्जा ‘एजी’ म्हणजे शेतीसाठी मागितली, तर दर चौरस मीटरला मेगाज्यूलमध्ये येते. ‘आरई’ म्हणजे अक्षय ऊर्जेसाठी मागितली, तर किलोवॅट-तासांत. फरक ३.६ पटींचा. सोलरच्या हिशोबात ‘एजी’चा आकडा तसाच वापरला, तर ग्राहकाला साडेतीन पटींहून जास्त वीज दाखवून बसाल.

माहिती नसलेल्या दिवशी उणे ९९९ येतो. अलीकडच्या काही दिवसांचे आकडे तयार नसतात, त्यामुळे तो शेवटच्या तारखांना हमखास दिसतो. महिन्यातले २९ दिवस २७ अंशांचे आणि एक दिवस उणे ९९९, तर सरसकट सरासरी उणे ७.२ निघते. तापमानात ही चूक लगेच डोळ्यांत भरते. वर्षभराच्या पावसाच्या बेरजेत मात्र ती बेमालूम खपून जाऊ शकते. म्हणून आकडे वाचतानाच उणे ९९९ ला ‘माहिती नाही’ असं करून टाका.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही अक्षांश-रेखांश कितीही दशांशांपर्यंत दिले, तरी हवामानाचा आकडा एका मोठ्या चौकटीचा असतो: अर्धा अंश अक्षांश, ०.६२५ अंश रेखांश, म्हणजे आपल्याकडे सुमारे ५५ बाय ६५ किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकटीत पडतात. घाटमाथ्यावरचा धो धो पाऊस आणि वाईचा बेताचा पाऊस, दोन्हींसाठी एपीआय एकच आकडा देतो. हा पर्जन्यमापकाने मोजलेला पाऊसही नव्हे. तो नासाच्या हवामान मॉडेलमधून आलेला आहे. उत्तरातल्या ‘कोऑर्डिनेट्स’मध्ये तिसरा आकडा असतो, तो चौकटीची सरासरी उंची. महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर आहे. त्या आकड्याशी ताडून पाहिलं की चौकट तुमच्या गावापासून किती वेगळी आहे ते कळतं. सह्याद्रीच्या पट्ट्यात या पावसावर पीकविम्याचा किंवा पेरणीचा निर्णय कोणाला घ्यायला लावू नका. मराठवाड्याच्या सपाटीवर तापमानाचा आकडा मात्र बराच भरवशाचा ठरतो.

रोजचा पाऊस हवामान खात्याच्या नोंदीशी जुळत नाही, याचं आणखी एक कारण घड्याळात आहे. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. पॉवर मूळ सेटिंगमध्ये स्थानिक सौरवेळ, म्हणजे सूर्याच्या स्थितीवरून ठरणारी त्या जागेची वेळ धरतं, त्यामुळे दोघांचे दिवस जुळत नाहीत. तुलना करायचीच तर महिन्याच्या बेरजांची करा.

विनंत्यांवर मर्यादा आहे; भराभर मारा केला की ४२९ एरर, म्हणजे विनंत्या फार झाल्याचा संदेश येतो. एकेका दिवसासाठी वेगळी विनंती कशाला? पूर्ण वर्षं एकाच विनंतीत मिळतात. ती फाइल आपल्याकडे साठवा आणि रोज फक्त शेवटचे काही आठवडे पुन्हा मागवा, म्हणजे आधी उणे ९९९ आलेल्या जागा आपोआप भरत जातील.