मलावीच्या माशांचे आकडे वाचताना : अंतर्देशीय मत्स्यव्यवसायाच्या नव्या अभ्यासकांसाठी

समुद्रकिनारा नसलेल्या देशाचे मत्स्योत्पादन हा विषय प्रबंधासाठी निवडला की सुरुवातीला तो फार आटोपशीर वाटतो. आफ्रिकेतील मलावीचेच पाहा. एक प्रचंड सरोवर, त्यातून निघणारी शिरे नदी, तिच्या वाटेवरचे मालोम्बे आणि पूर्वेकडचे उथळ चिल्वा, एवढ्यावर देशाची जवळपास सगळी मासेमारी चालते. उदगीर, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला हा पसारा सहज पेलेल असे वाटते, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. अडचण पुढे येते, आणि ती एकाच ठिकाणी येते, म्हणून मी मुख्यतः तिच्याविषयीच लिहिणार आहे.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार १९८० च्या दशकात मलावीची मासेमारी वर्षाला सरासरी सत्तर हजार टनांच्या आसपास होती, पुढील दोन दशकांत ती साठ हजारांच्या घरात राहिली, आणि २०१८ मध्ये ती सुमारे दोन लाख वीस हजार टनांवर गेली. हा आलेख समोर ठेवला की हात आपोआप ‘उत्पादनात तिपटीहून अधिक वाढ’ असे वाक्य लिहितो. कृपा करून ते वाक्य लिहू नका. मी या वाक्यावर बराच काळ अडकून होते, आणि त्याच्यावर रचलेले सगळे विवेचन मला नंतर पुन्हा उभे करावे लागले.

या एका बेरजेत दोन अगदी वेगळ्या माशांच्या कहाण्या एकत्र मिसळलेल्या आहेत. चाम्बो हा तिलापियाच्या कुळातील मासा आहे. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे एका विणीतील पिल्ले मोजकीच असतात. मासा मोठा व्हायला वेळ लागतो, आणि विणीसाठी त्याला किनाऱ्याजवळचे उथळ पाणी लागते, म्हणजे नेमके तेच पाणी जिथे जाळे पोहोचणे सर्वात सोपे असते. सरोवराच्या आग्नेय बाहूतील आणि मालोम्बेतील व्यवसाय एके काळी त्याच्यावर उभा होता. बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासे उपसले जाऊ लागले, पाणवनस्पती नष्ट झाल्या, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी मालोम्बेतील चाम्बो कोसळला. २०१८ मध्ये चाम्बोच्या तिन्ही जाती धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त ठरल्या. उसिपा मात्र बोटभर लांबीचा, खुल्या पाण्यात थव्याने राहणारा, जेमतेम वर्षभर जगणारा मासा आहे. रात्री दिवे लावून, चिलिमिरा जाळ्याने तो पकडला जातो. म्वेरा नावाचा आग्नेयेचा वारा खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर आणतो, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढते आणि प्लवकावर उसिपा, म्हणून त्याचे प्रमाण वर्षागणिक जोरात खाली-वर होते. अलीकडच्या वर्षांत देशातील एकूण मासेमारीत निम्म्याहून बराच अधिक वाटा या एकट्या माशाचा आहे. एकूण टनांचा आलेख उसिपाचा आहे, आणि चाम्बो त्याच्या खाली दिसेनासा झाला आहे.

दुसरी बाब मोजणीची आहे. प्रत्येक होडीतील मासा कोणी तोलत नाही. निवडक उतरणीच्या जागी, म्हणजे होड्या मासे किनाऱ्यावर उतरवतात तिथे, काही होड्यांची पकड नोंदवतात, आणि वार्षिक गणनेतील होड्यांच्या व जाळ्यांच्या संख्येने ती वाढवून एकूण आकडा काढतात. त्यामुळे होड्यांच्या गणनेत चूक राहिली तर ती संपूर्ण बेरजेत गुणाकाराने शिरते. त्यातच मलावीत मांगोची जिल्ह्यात नमुना घेण्याची एक पद्धत वापरली गेली आणि इतर जिल्ह्यांत दुसरी. उसिपा बहुतांश वाळवून विकला जातो. आपल्याकडील सुकटीप्रमाणेच त्याच्या एका वाळलेल्या किलोमागे तीन ते चार किलो ताजा मासा असतो, आणि उत्पादनाचे आकडे मात्र ताज्या वजनात दिलेले असतात. बाजारातील वजन आणि उतरणीचे वजन एकाच स्तंभात ठेवणारा प्रबंध मी वाचलेला आहे, आणि त्याला चांगले गुणही मिळालेले होते, याचे मला अजून वाईट वाटते.

चिल्वा हे बाहेर वाट नसलेले सरोवर १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये आटले. राष्ट्रीय बेरजेत अशा वर्षी घसरण दिसली तर तिचे कारण आधी पावसात शोधावे, अतिमासेमारीत नंतर.

दरडोई आकडा तुम्ही स्वतः काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९८७ च्या जनगणनेत मलावीची लोकसंख्या सुमारे ऐंशी लाख होती, २००८ मध्ये एक कोटी एकतीस लाख, २०१८ मध्ये एक कोटी शहात्तर लाख. वर दिलेल्या टनांना तिने भागले की माणशी जवळजवळ नऊ किलो, मग साडेचार किलो, मग साडेबारा किलो असे उत्तर येते. मधली घसरण खरी आहे, आणि नंतरची वाढही निव्वळ कागदी नाही, कारण उसिपा काट्यासकट खाल्ला जातो आणि गरीब घरात कॅल्शियम पोहोचवतो. म्हणून चाम्बोच्या ऱ्हासावर लिहिताना उसिपाला दुय्यम मासा म्हणू नका.

मत्स्यशेतीचा भाग लवकर आटोपेल. झांबियात करिबा जलाशयातील पिंजऱ्यांमध्ये नाईल तिलापिया वाढवला जातो. मलावीने सरोवरातील स्थानिक जाती वाचवण्यासाठी परक्या माशांना मज्जाव केला आणि स्थानिक तिलापियावरच भर दिला, त्यामुळे तिथली शेती एकूण उत्पादनाचा लहानसा भाग राहिली आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो, वाढीचा वेग कमी राहिला तरीही.

तयार आलेख देणाऱ्या संकेतस्थळांवरून ‘मासे व समुद्री अन्न’ हा एकच स्तंभ उचलू नका. तिथे जाती नसतात, सरोवरे नसतात, आणि कोणता आकडा देशाने कळवला व कोणता संघटनेने अंदाजाने भरला ही खूणही बहुधा गळलेली असते. मूळ माहितीसाठ्यात ती असते. मार्गदर्शक निवडताना, प्रतिगमनाची सूत्रे तोंडपाठ असलेल्यापेक्षा, पहाटे उतरणीवर उभे राहून टोपल्या मोजलेल्या माणसाला मी पसंती देईन; पहिला तुम्हाला सरळ रेषा काढून देतो, दुसरा ती कुठे तुटते ते दाखवतो. असा मार्गदर्शक मिळाला नाही तरी खचू नका. जातवार तक्ता आधी मांडा, त्याखाली सरोवरवार, मग अंदाजाच्या खुणा, आणि एकूण बेरीज अगदी शेवटी. हे काम संथ आहे, पण त्यासाठी लागणारे गणित बारावीच्या पलीकडचे नाही.