फॉरमॅटनंतर आउटलुकचे जुने मेल परत मिळाले, माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला, आउटलुक उघडलं, तर इनबॉक्स कोरा! नऊ वर्षांच्या सौद्यांचे मेल गेले म्हणून वडिलांच्या तोंडचं पाणीच पळालं. खातं पॉपचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, त्यामुळे सर्व्हरवर काही शिल्लक नव्हतं.

सुदैवाने आदल्या दिवशी डॉक्युमेंट्समधला ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डर मी पेनड्राइव्हवर घेतला होता. त्यातली पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक ज्यात मेल साठवतं ती, हाच सगळा खजिना. (ओएसटी असेल तर ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते, खातं पुन्हा जोडलं की मेल येतात.) पीएसटी पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका, आधी हार्डडिस्कवर कॉपी करा. मग फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल.

माझी उघडेना. आउटलुक बंद केलं आणि त्याच्याच प्रोग्रॅम फोल्डरमधलं स्कॅनपीएसटी हे पीएसटी दुरुस्त करणारं साधन चालवलं. रिपेअर दाबण्याआधी बॅकअपची टिक मुळीच काढू नका. दीड तास पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, वडील खुर्चीवरून हलले नाहीत. पुन्हा उघडलं तेव्हा डाव्या बाजूला त्यांचा ‘राजापुरी’ नावाचा फोल्डर दिसला, आणि त्यांनी आधी चहा सांगितला.