आवडीची बिअर मित्रांना कशी चाखवावी

आमचा सहा जणांचा कंपू आहे. प्रत्येकाने आपली सगळ्यात लाडकी बिअर आणायची आणि सगळ्यांनी मिळून चाखायची, असा आमचा नेम. सुरुवातीला या बैठका फसायच्या. बाटली उघडायच्या आधीच आणणारा तिचं कौतुक सुरू करायचा, आणि मग सगळ्यांना त्याने सांगितलेलीच चव लागायची. आता बाटल्या कागदात गुंडाळून येतात आणि आणणारा शेवटी बोलतो. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

माप आधी ठरवा. 500 मिलीची एक बाटली सहा जणांना पुरते. माणशी 80 मिलीच्या आसपास येते, म्हणजे सहा बिअर मिळून अर्धा लिटर. नऊ-दहा टक्के अल्कोहोलची असेल तर 330 मिलीची छोटी बाटलीही सगळ्यांत बास होते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने फक्त वास घ्यावा, आणि त्याला कोणी आग्रह करू नये.

बिअर आणेपर्यंत ती जपणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकदा मी हिरव्या बाटलीतली पिल्सनर, म्हणजे हलकी सोनेरी बिअर, खिडकीत उन्हात ठेवून विसरलो. संध्याकाळी उघडली तर जळक्या रबरासारखा उग्र वास! हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधली कडवटपणा देणारी द्रव्यं उजेडाने मोडतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा तो वास. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा अडवत नाही, कॅनमध्ये तर प्रश्नच नाही. इतक्या प्रेमाने आणलेली बिअर अशी वाया गेली की जीव हळहळतो. बाटली अंधारात, थंड जागी आणि उभी ठेवा.

ग्लास घासून झाला की साबणाचा अंशही राहू देऊ नका, कारण साबण आणि तेलकटपणा फेस मारतात. ओतल्यावर काचेला बुडबुडे चिकटून बसले तर समजा, ग्लास नीट धुतलेला नाही. ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. फेसाला घाबरू नका, वास त्यातूनच वर येतो.

पिल्सनर 5 ते 7 अंशांवर छान लागते. स्टाऊट ही काळी बिअर मात्र फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, 10 ते 13 अंशांवर तिच्यातली कॉफी आणि चॉकलेट जिभेला कळतं. बर्फागत गार बिअरमध्ये जीभ बधिर होते, चव कुठून लागणार?

क्रम हलक्याकडून जडाकडे. आधी पिल्सनर, मग गव्हाची, मग कडवट आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची बिअर), भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) काळी स्टाऊट त्यानंतर आणि सगळ्यात कडक शेवटी. आयपीएनंतर पिल्सनर दिलीत तर ती पाण्यासारखी लागेल, आणि 1842 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेन शहरात जन्मलेल्या त्या सोनेरी बिअरवर अन्याय होईल. दोन बिअरच्या मध्ये साधं पाणी प्या.

आता चाखणं. आधी वास, मग घोट, मग प्रत्येकाने एकच शब्द सांगायचा. तज्ज्ञांची भाषा अजिबात नको. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची गव्हाची बिअर आली होती तेव्हा "मला यातलं काही कळत नाही" म्हणणारा आमचा मित्र पटकन म्हणाला, "पिकलेलं केळं." शेजारच्याला लवंग जाणवली. दोघांचंही बरोबर होतं. त्यात ना केळं असतं ना लवंग, हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. म्हणून ही बिअर ओतताना शेवटचा थोडा भाग बाटलीत ठेवून गोल फिरवा आणि तळाचं यीस्टही सगळ्यांना वाटून द्या.

सगळ्यांचे शब्द त्या गुंडाळलेल्या कागदावरच लिहा आणि मग कागद काढा. आता आणणाऱ्याने बोलावं: ही पहिल्यांदा कुठे प्यायली, कोणासोबत, का आवडली. त्यासाठी प्रत्येकाला ग्लासात एक घोट राखायला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नाव कळल्यावर, थोडी कोमट झालेली तीच बिअर पुन्हा चाखता येते.