उन्हाळ्यात विगो टिकवायची तर

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की घामाने चिकटपट्टी सुटते, विगो (सलाईन-इंजेक्शनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) आत-बाहेर सरकते आणि हात सुजतो. सुटलेल्या पट्टीवर आणखी दोन पट्ट्या मारल्या की खालची लाली दिसायची तीही बंद होते.

जागा कोपराच्या घडीत नको, हाताच्या पुढच्या भागावर घ्या. साध्या सलाईन-अँटिबायोटिकला निळी (२२ गेज) किंवा गुलाबी (२० गेज) विगो पुरते. पेशंट थेट केळीच्या बागेतून आला असेल तर माती, चीक आधी साबण-पाण्याने काढा. मळावर औषध मारून उपयोग नाही. स्वतःचे हात हँडरबने २०-३० सेकंद चोळा. मग २ टक्के क्लोरहेक्सिडिनचं स्पिरिट ३० सेकंद घासून लावा आणि आपोआप वाळू द्या. कापसाने पुसायचं नाही, फुंकर तर नाहीच. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: वाळल्यावर ‘शीर आहे ना’ म्हणून पुन्हा बोट लावलं जातं. लावलंच तर पुन्हा घासा.

दुसरी खोड पट्टीची. आधीच तुकडे फाडून कॉटच्या दांड्यावर चिकटवून ठेवायचे आणि तेच सुईच्या तोंडावर, म्हणजे विगो कातडीत शिरते तिथे, लावायचे! दांड्यावरचं सगळं तिथे जातं. सुईच्या तोंडावर निर्जंतुक पारदर्शक ड्रेसिंगच हवं. घाम फारच असेल तर निर्जंतुक गॉज लावा, ओलं झालं की लगेच बदला.

इंजेक्शन देण्याआधी पोर्ट (विगोचं औषध सोडायचं तोंड) स्पिरिट स्वॅबने १५ सेकंद घासा, नंतर सलाईनने फ्लश करा. फ्लश जड गेलं तर जोर लावू नका.

प्रत्येक ड्युटीत जागा बघा आणि विचाराही. खेड्यावरची आजी ‘दुखतंय का?’ला नुसती मान हलवते. ‘माय, हात दुखस का? आग व्हस का?’ म्हटलं की बोलते. व्हीआयपी स्कोअर (शिरेचा दाह किती, याचे गुण) असा: काहीच नाही तर ०; किंचित दुखणं किंवा किंचित लाली असेल तर १; दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन असतील तर २. दोनला विगो काढायची आणि दुसरीकडे लावायची, ‘हा डोस होऊ दे’ म्हणायचं नाही.

नोंदीत ‘आयव्ही ठीक’ लिहिलं तर पुढच्या सिस्टरला काहीच कळत नाही. ‘डावा हात, निळी, १२ तारीख सकाळी ९, स्कोअर ०’ असं लिहा, आणि ओव्हर देताना (ड्युटी पुढच्या सिस्टरकडे सोपवताना) दोघींनी ड्रेसिंग कॉटपाशी उभं राहून बघा.